फ्लोराइडची टूथपेस्ट: आधी गावचे पाणी तपासावे, मग ट्यूब निवडावी

टूथपेस्टच्या जाहिरातीत फेस, थंडावा आणि पांढरेशुभ्र दात यांचाच गाजावाजा असतो. दाताला किडीपासून खरोखर वाचवणारा घटक मात्र ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि तो वाचून पेस्ट घेणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. तो घटक म्हणजे फ्लोराइड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. म्हणजे ही वस्तू किराणा दुकानात साबणाशेजारी मिळत असली, तरी तिच्याकडे औषध म्हणून पाहायला हवे, आणि औषध म्हटले की मात्रा, वेळ व वापरण्याची रीत हे तिन्ही प्रश्न ओघाने येतात.

मराठवाड्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. इथल्या अनेक घरांत आजही मिश्री, राखुंडी किंवा लाल मंजन वापरले जाते आणि त्या दातांना फ्लोराइडचा लाभ अजिबात मिळत नाही. त्याच वेळी काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड गरजेपेक्षा जास्त असते आणि तिथल्या मुलांचे पक्के दात डाग घेऊनच हिरडीबाहेर येतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या धरणाचे पाणी पिणाऱ्या कुटुंबासाठी दिलेला सल्ला किनवटच्या वाडीवर किंवा बीडच्या तांड्यावर जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. पुढील मांडणी हा फरक लक्षात ठेवून केली आहे.

दातावर दिवसभर काय घडते

दाताच्या बाहेरील कठीण आवरणाला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे असते आणि त्याला हायड्रॉक्सिॲपेटाइट असे नाव आहे. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. मोडलेले हाड कालांतराने जुळून येते, पण फुटलेले किंवा पोकळ झालेले इनॅमल पुन्हा उगवत नाही.

दातांवर सतत एक चिकट थर जमत असतो. त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू राहतात. आपण साखरेचा चहा, त्यात बुडवलेले बिस्किट, गुळाची पोळी किंवा चॉकलेट खाल्ले की हे जिवाणू त्यातील शर्करा आंबवून काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. थरातील सामू (आम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. पुढच्या अर्ध्या ते एका तासात लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि लाळेतच असलेले कॅल्शियम व फॉस्फेट दातात परत बसू लागते. पावसाने बांधाची माती वाहून जावी आणि शेतकऱ्याने उघडीप मिळताच ती पुन्हा भरून घ्यावी, तसा हा व्यवहार दिवसातून अनेकदा चालतो. झीज आणि भरपाई यांचा मेळ बसला तर दात वर्षानुवर्षे शाबूत राहतो. झीज सतत वरचढ ठरली तर आधी पांढरट ठिपका, नंतर खरखरीतपणा आणि अखेरीस खड्डा पडतो. दाताला कीड लागते ती अशी. दाढेत दिसणारा काळा खड्डा हा या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा असतो, सुरुवात नव्हे, आणि त्याआधीचे अनेक महिने दुरुस्तीला वाव असतो.

फ्लोराइड या भरपाईच्या बाजूने काम करते. लाळेत आणि दातावरील थरात ते अगदी अल्प प्रमाणात उपलब्ध असले, तरी स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून कॅल्शियम व फॉस्फेट यांना पुन्हा दाताकडे ओढते, त्यामुळे भरपाई लवकर होते. शिवाय फ्लोराइडच्या सहवासात तयार होणारा नवा स्फटिक मूळ स्फटिकापेक्षा आम्लाला अधिक दाद न देणारा असतो. मूळ इनॅमल ५.५ सामूला विरघळू लागते, तर शुद्ध फ्लोरॲपेटाइट, म्हणजे फ्लोराइड सामावलेला स्फटिक, सुमारे ४.५ पर्यंत तग धरतो. दातावर कॅल्शियम फ्लोराइडसारखे सूक्ष्म कणही साचतात आणि पुढच्या वेळी आम्ल वाढले की ते विरघळून फ्लोराइड मोकळे करतात. आम्लधर्मी वातावरणात फ्लोराइड जिवाणूंच्या पेशीत शिरून त्यांची आम्ल बनवण्याची गतीही काहीशी मंदावते, परंतु पहिल्या दोन परिणामांच्या मानाने हा परिणाम दुय्यम आहे.

यातून निघणारी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. फ्लोराइडचा मुख्य लाभ ते दाताच्या पृष्ठभागावर टिकून राहिल्याने मिळतो. ते गिळून पोटात गेल्याने उगवलेल्या दाताला विशेष काही मिळत नाही. उलट ज्या लहान मुलांचे पक्के दात हिरडीखाली अजून घडत असतात, त्यांच्या पोटात ते सतत आणि जास्त गेले तर त्या दातांच्या घडणीत दोष येतो. दातावर जास्त वेळ आणि पोटात कमीत कमी, हे सूत्र सांभाळायचे आहे.

हे दोन्ही गुण शास्त्रज्ञांच्या हाती एकाच शोधातून लागले. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला स्थानिक लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले आणि पुढे असेही आढळले की, हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. या डागांचे कारण पाण्यातील फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये उघड झाले. योग्य प्रमाण किती, याचा माग काढत १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहराने पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली, आणि १९५० च्या दशकात फ्लोराइडची टूथपेस्ट बाजारात आली. आपल्या देशात हा विषय उलट्या बाजूने पुढे आला. १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर परिसरात पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे हाडे आणि दात बिघडल्याची नोंद झाली. भारतात पाण्यात फ्लोराइड मिसळण्याऐवजी ते काढून टाकण्याची तंत्रे का विकसित झाली, याचे उत्तर यात आहे.

पहिली पायरी: आपण कोणते पाणी पितो ते पाहावे

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, किनवट, भोकर, बिलोली, देगलूर या बाजूला मात्र दख्खनचा हा काळा थर संपतो आणि ग्रॅनाइटसारखे जुने खडक वर येतात. अशा खडकांतील खनिजांमधून भूजलात फ्लोराइड उतरण्याची शक्यता जास्त असते. बेसाल्टच्या पट्ट्यातही सगळीकडे निर्धास्त राहता येत नाही, कारण पाणी खडकाच्या सान्निध्यात जितका जास्त काळ राहते तितकी खनिजे त्यात अधिक मिसळतात, आणि दर दुष्काळात बोअर आणखी खोल नेण्याची पाळी आपल्यावर येतेच. एकाच गावातल्या जुन्या आडाचे पाणी चांगले आणि शाळेजवळच्या हापशाचे पाणी फ्लोराइडयुक्त, असेही घडू शकते. म्हणून शेजारच्या गावाच्या अहवालावरून आपल्या पाण्याचा अंदाज बांधू नये.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. पाण्याला चव, वास किंवा रंग यांवरून फ्लोराइडचा पत्ता लागत नाही. तपासणी हाच उपाय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, ग्रामपंचायतीमार्फत तिथे नमुना पाठवता येतो. जल जीवन मिशनमध्ये गावातील महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले जाते. तो संच पंचायतीच्या कपाटात धूळ खात पडला असेल तर तो बाहेर काढायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा, हापसा किंवा मोटार काही मिनिटे चालवून मगच बाटली भरावी आणि तिच्यावर स्रोत व तारीख लिहावी.

पैठणच्या जायकवाडीचे, मांजरा धरणाचे किंवा नांदेडच्या विष्णुपुरी प्रकल्पाचे नळाचे पाणी पिणाऱ्या शहरी घरांत चित्र बहुधा वेगळे असते, कारण धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते. अशा घरांत दातांना फ्लोराइड मिळण्याचा मुख्य मार्ग टूथपेस्ट हाच उरतो.

पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले तर काय करावे? पाणी उकळून उपयोग होत नाही. वाफ निघून जाते आणि फ्लोराइड मागे राहिल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. साध्या कापडी किंवा कँडल फिल्टरनेही ते निघत नाही. आरओ यंत्राने बरेचसे निघते. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना वापरणारी गाळणी आणि नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले, तुरटी व चुना वापरून फ्लोराइड खाली बसवणारे नालगोंडा तंत्र हे गावपातळीवरचे पर्याय आहेत. ते जमेपर्यंत निदान पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी सुरक्षित आडातून किंवा योजनेच्या नळावरून आणावे. धुण्या-भांड्यांना बोअरचे पाणी वापरण्यास हरकत नाही. वरण, भात आणि भाकरीचे पीठ यांतूनही पाणी पोटात जाते, हे अनेकदा विसरले जाते.

येथे एक हिशेब मांडून पाहावा. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दिवसाला एक लिटर पिणाऱ्या मुलाच्या पोटात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. तेच मूल तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट दोन वेळा लावून ती सगळीच्या सगळी गिळून बसले, तरी पोटात सुमारे ०.२ मिलिग्रॅम जाते, म्हणजे पाण्याच्या पंधराव्या हिश्शाएवढे. पाणी तसेच ठेवून केवळ ट्यूब बदलल्याने दातांवरचे डाग टळतील, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. तरीही ज्या गावात १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असल्याचा अहवाल आहे, तिथल्या सहा वर्षांखालील मुलांना कोणती पेस्ट द्यावी, हे दंतवैद्याला पाण्याचा अहवाल दाखवूनच ठरवावे. अशा भागात लहान मुलांना फ्लोराइडविरहित पेस्ट देण्याचा सल्लाही दिला जातो आणि मूल थुंकू शकते की नाही यावर त्याचे उत्तर बरेच अवलंबून असते. मोठ्या माणसांचे दात घडून गेलेले असतात. त्यांनी पेस्ट थुंकून टाकायची आहे, त्यामुळे त्यांना फ्लोराइडची पेस्ट सोडण्याचे काही कारण नाही.

दुसरी पायरी: ट्यूब वाचून घ्यावी

दुकानात ट्यूब हातात घेतल्यावर दर्शनी बाजूची चित्रे सोडून मागचा मजकूर वाचावा. फ्लोराइड असलेल्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा अमाइन फ्लोराइड यांपैकी एखादे नाव दिसते आणि त्याच्याजवळ पीपीएम या एककात प्रमाण छापलेले असते. १००० पीपीएम याचा अर्थ एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. भारतातील नियमांनुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये आणि हे प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. परदेशात १४५० पीपीएमच्या पेस्टही विकल्या जातात. आखातातून आलेल्या नातेवाइकाने आणलेली ट्यूब लहान मुलाला देण्यापूर्वी हा फरक पाहून घ्यावा.

नाव कोणतेही असले तरी काम फ्लोराइडच करते, परंतु एक बारकावा सांगण्याजोगा आहे. स्वस्त पांढऱ्या पेस्टमध्ये घासण्यासाठी खडूची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट वापरले जाते. त्यात सोडियम फ्लोराइड घातले तर ते ट्यूबमध्येच कॅल्शियमशी संयोग पावून निकामी होते. म्हणून अशा पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात. त्यातील फ्लोराइड फॉस्फेटला बांधलेले राहते आणि तोंडात गेल्यावर लाळेतील व दातावरील थरातील विकरांमुळे मोकळे होते. सिलिका वापरलेल्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड चालते. हा बांधलेला फ्लोराइडही काळ आणि उष्णता यांमुळे हळूहळू सुटत जातो, त्यामुळे एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत पत्र्याच्या दुकानाबाहेर लटकवलेल्या जुन्या पाकिटांपेक्षा अलीकडची तारीख असलेली ट्यूब घ्यावी आणि घरीही ती उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. मुदत संपल्याची तारीख पाहणे औषधाइतकेच येथेही आवश्यक आहे.

महागडी पेस्टच जास्त गुणकारी असते, असे नाही. योग्य प्रमाणात फ्लोराइड असलेली दहा-वीस रुपयांची लहान ट्यूब कीड रोखण्याचे काम महाग ट्यूबइतकेच करते; जास्तीचे पैसे चव, सुगंध आणि वेष्टन यांवर जातात. लवंग, कडुलिंब, बाभूळ यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. ती पेस्ट वाईट असते असे मुळीच नाही, दात घासल्याचा लाभ तिने मिळतो. परंतु कीड रोखण्याच्या बाबतीत तिची फ्लोराइडच्या पेस्टशी बरोबरी होत नाही. मुले व किशोरवयीनांवर झालेल्या सत्तरएक चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २००३ मध्ये एकत्रित आढावा घेतला, त्यात फ्लोराइडच्या पेस्टमुळे पक्क्या दातांतील कीड सरासरी २४ टक्के कमी झाल्याचे दिसले. रोज दोन मिनिटांच्या कामाचा हा परतावा मला तरी पुरेसा वाटतो.

तिसरी पायरी: मात्रा

ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी पेस्ट पसरलेली जाहिरातीत दिसते, ती पेस्ट लवकर संपावी म्हणून. दातांना तेवढीची गरज नसते. तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम पेस्ट पुरते आणि तिच्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे पाव ग्रॅम पुरते. मोठ्यांनी एक सेंटिमीटर लांबीची पेस्ट घेतली तरी काम भागते. पेस्ट ब्रशच्या केसांवर नुसती ठेवण्याऐवजी बोटाने हलकेच आत दाबावी, नाहीतर मूल ती आधी चाटून घेते आणि रिकामा ब्रश दातांवर फिरवते.

सुरुवात पहिला दात दिसताच करावी. दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची काळजी कशाला, हा विचार सर्रास आढळतो; पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात आणि त्या दुखू लागल्या की मूल नीट जेवत नाही. त्याहून महत्त्वाची बाब सहाव्या वर्षाच्या सुमाराची आहे. त्या वयात सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने ती आल्याचे पालकांच्या लक्षातच येत नाही, ती दुधाचीच समजली जाते आणि तिच्यावरच्या खोल खाचांत कीड लवकर शिरते. पहिलीत जाणाऱ्या मुलाचे तोंड उजेडात उघडून ही दाढ आली आहे का ते पाहावे आणि ब्रश तिथपर्यंत नेमका पोहोचवावा.

चौथी पायरी: घासणे आणि चूळ

ब्रश मऊ केसांचा असावा. तो हिरडी आणि दात यांच्या सांध्याकडे थोडा तिरपा धरून छोट्या छोट्या हालचालींनी सगळ्या बाजू घासाव्यात, दोन मिनिटे द्यावीत आणि केस फाकले की ब्रश बदलावा. जोर लावून आडवे घासल्याने दात अधिक स्वच्छ होत नाहीत. हिरडी खाली सरकते आणि मुळाशी खाच पडते.

खरा लाभ बुडतो तो यानंतर. घासून झाल्यावर तांब्याभर पाण्याने खळाखळा चुळा भरण्याची आपली रीत आहे, आणि त्या चुळांबरोबर दोन मिनिटे खपून दातांवर बसवलेले फ्लोराइड मोरीत वाहून जाते. पेस्ट आणि फेस नीट थुंकून टाकावा, चूळ भरू नये. तोंडाला अगदीच चिकट वाटत असेल तर घोटभर पाण्याची एकच चूळ भरून थांबावे. पहिले काही दिवस जिभेवर चव रेंगाळते, मग सवय होते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत निदान ही एक सूचना तरी कुणाला जड जाऊ नये. त्यानंतर अर्धा तास चहा-पाणी टाळावे.

दिवसातून दोनदा घासावे आणि त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी. झोपेत लाळ फार कमी सुटते, भरपाईचे काम मंदावते, आणि अशा वेळी दातांवर राहिलेल्या फ्लोराइडला मोल येते. सकाळी घासण्याची सवय बहुतेकांना आहे. रात्री शेतातून दमून आल्यावर, जेवण होताच पाठ टेकणाऱ्या माणसाला ती लावून घेणे कठीण जाते. दोन्हीपैकी एकच वेळ जमणार असेल तर मी रात्रीची निवडण्यास सांगेन. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. तान्ह्या बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याने वरचे पुढचे दात वर्ष-दीड वर्षाच्या वयातच किडतात. चिंच, लिंबू-सरबत किंवा शीतपेय घेतल्यावर, तसेच उलटी झाल्यावर इनॅमल काही काळ मऊ असते, त्यामुळे लगेच न घासता अर्धा तास थांबावे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतः घासू द्यावे आणि त्यानंतर मोठ्या माणसाने एकदा हात फिरवावा. थुंकणे शिकवताना पेस्टशिवाय, नुसत्या पाण्याने सराव करून घेतला तर मूल लवकर शिकते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत कोपीवरच्या धावपळीत मुलांचे दात पाच-सहा महिने दुर्लक्षित राहतात. निघताना प्रत्येक मुलाचा ब्रश आणि दोन लहान ट्यूब सामानात टाकल्या तर खर्च किरकोळ आहे. ज्या भागात तोडीला जायचे तिथले पिण्याचे पाणीही वेगळे असते, हे अशा मुलांच्या दातांवरील डागांचा इतिहास सांगताना दंतवैद्याला अवश्य सांगावे.

मिश्री, राख आणि काडी

मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे. तिने दात घासणे म्हणजे दिवसातून दोनदा तंबाखू हिरडीवर चोळणे होय. तिची सवय लागते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत कायदा पोहोचत नाही. ती सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते आणि शौचाला साफ होत नाही, अशी तक्रार बायका करतात. ही तंबाखू तुटल्याची लक्षणे आहेत आणि ती काही आठवड्यांत ओसरतात. एकदम सुटत नसेल तर जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळते.

राख, विटेची पूड आणि गेरू असलेले लाल मंजन यांचे कण खरखरीत असतात आणि ते इनॅमल झिजवतात. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचला करून वापरली तर दातावरचा थर निघतो, पण तिच्यातून फ्लोराइडचा पुरेसा पुरवठा होत नाही. ज्यांना काडी सोडवत नाही त्यांनी सकाळी काडी आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट असा मेळ घालावा.

डाग कसला, ते ओळखणे

पांढरा डाग दिसला की घाबरून पेस्ट बंद करणारे पालक भेटतात, म्हणून दोन प्रकारच्या डागांतला फरक सांगणे भाग आहे. किडीची सुरुवात असलेला डाग हिरडीच्या कडेला लागून, खडूसारखा निस्तेज असतो, एखाद-दुसऱ्या दातावर दिसतो आणि त्यावर बहुधा चिकट थर साचलेला असतो. फ्लोराइड जास्त झाल्याचे डाग दात घडतानाच पडलेले असतात. डावी-उजवीकडच्या जोडीच्या दातांवर ते सारखे दिसतात, आडव्या पांढऱ्या रेघा किंवा ढगाळ ठिपके असे त्यांचे रूप असते, आणि प्रमाण फार असेल तर तपकिरी रंग व बारीक खड्डेही येतात. पहिल्या प्रकारात फ्लोराइडची पेस्ट नियमित वापरली, गोड खाण्याच्या वेळा कमी केल्या, तर डाग तिथेच थांबू शकतो, काही वेळा पुसटही होतो. दुसरा प्रकार घासून जात नाही. राखेने किंवा लिंबाने तो घालवण्याच्या प्रयत्नात चांगले इनॅमलही जाते. त्यावर दंतवैद्याकडे वेगळे उपचार आहेत.

खड्डा पडल्यावर पेस्टचे काम संपते आणि दात भरावा लागतो. मुलांच्या दातांवर दंतवैद्य फ्लोराइडचे वार्निशही लावतात. त्यात सुमारे २२,६०० पीपीएम फ्लोराइड असते, पण ते थेंबभरच लागते, दातावर चिकटून बसते आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावता येते. जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी व शाळेत येते तेव्हा दातांचीही पाहणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

मधुमेह, तोंडाला कोरड आणणारी औषधे किंवा डोक्या-मानेवर घेतलेले किरणोपचार यांमुळे लाळ कमी झालेल्या मोठ्या माणसांत कीड झपाट्याने, तीही मुळांवर लागते. अशांना नेहमीच्या पेस्टखेरीज आणखी फ्लोराइड लागेल का, हे दंतवैद्य ठरवतील.

पेस्ट गिळली तर

रोजच्या घासण्यात मुलाने थोडी पेस्ट गिळली तर काळजीचे कारण नाही. मात्र गोड चवीच्या पेस्टची ट्यूब मुले खाऊसारखी पिळून खातात. शंभर ग्रॅमच्या १००० पीपीएम ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असते आणि शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम पोटात गेल्यास ते धोक्याचे मानले जाते. म्हणजे दहा किलोच्या मुलासाठी अर्धी ट्यूब ही तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ आहे. त्याहून कमी खाल्ले असेल तरी मळमळ, पोटदुखी किंवा उलट्या होऊ शकतात. मूल शुद्धीवर असेल तर त्याला दूध पाजावे, कारण दुधातील कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. ट्यूब आणि तिचे खोके सोबत घेऊन जावे, म्हणजे किती फ्लोराइड पोटात गेले असेल याचा अंदाज डॉक्टरांना चटकन बांधता येतो. एरवी ही ट्यूब मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी आणि सहा वर्षांपर्यंत ब्रशवर पेस्ट मोठ्यांनीच लावून द्यावी.